बार्सिलोनात गाउदी पाहायचा तर सग्रादा फमिलिया शेवटी ठेवा

बार्सिलोनाला पोहोचलेला माणूस बहुधा पहिल्याच सकाळी सग्रादा फमिलियासमोर उभा असतो. मान वर करून फोटो, आत तासभर, आणि मग उरलेल्या दिवसांत बाकीची घरं ‘होऊन जाऊ दे’ म्हणून उरकली जातात. माझा सल्ला याच्या उलट आहे. हे चर्च शेवटच्या दुपारी पाहा. वास्तुकार अंतोनी गाउदीने १८८३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, या बांधकामाची सूत्रं हाती घेतली आणि १९२६ मध्ये मरेपर्यंत सोडली नाहीत. या ४३ वर्षांत त्याने शहरात जी घरं, बागा, वाडे बांधले, त्यांतल्या युक्त्या एकेक करून चर्चमध्ये उतरल्या. त्या युक्त्या आधी लहान आकारात पाहिल्या, की चर्चमध्ये गेल्यावर नुसतं दिपून जायला होत नाही, काय चाललंय ते कळतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. इथे ‘मॉडर्निस्मे’ म्हणतात ती शैली म्हणजे काच-काँक्रीटच्या सपाट इमारती नव्हेत. १८८० च्या दशकापासून साधारण १९१० च्या दशकापर्यंत कातालोनियात, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या प्रांतात, कापडगिरण्यांचा आणि व्यापाराचा पैसा खेळत होता, आणि आपली भाषा, आपली ओळख पुन्हा उभी करण्याची हौसही होती. त्यातून हे वळणदार, रंगीत, लोखंड-काच-टाइल्सनी मढलेलं काम आलं. त्यात गाउदी एकटा नाही. लुईस दोमेनेक इ मोंतानेर आणि जुझेप पुच इ कादाफाल्क या दोन वास्तुकारांची नावं लक्षात ठेवा. पहिल्याचं काम तर काही ठिकाणी मला गाउदीपेक्षा जास्त आवडतं.

पायरी १ : चर्चचं तिकीट आधी, बाकी सगळं त्याभोवती

चर्च पाहायचं शेवटी, पण तिकीट काढायचं सगळ्यात आधी. तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं, ठरावीक वेळेचं असतं, आणि गर्दीच्या महिन्यांत चांगल्या वेळा आधीच संपतात. साधं तिकीट २६ युरोच्या आसपास आणि मनोऱ्यासह ३६ च्या आसपास असतं. दर बदलत राहतात, त्यामुळे चर्चच्या अधिकृत संकेतस्थळावरचा आकडा अंतिम धरा. अकरा वर्षांखालच्या मुलांना चर्चचं तिकीट लागत नाही, पण त्यांची नोंद करावी लागते. विद्यार्थ्यांना सवलत आहे, ओळखपत्र जवळ ठेवा. अॅपवरचा ऑडिओ गाइड तिकिटातच येतो. तो हॉटेलच्या वायफायवर उतरवून घ्या आणि स्वतःचे इअरफोन न्या.

आता महत्त्वाचा प्रश्न, वेळ कोणती निवडायची? इथे उजेड बघून ठरवायचं. जुआन विला-ग्राउ या कलाकाराने खिडक्यांच्या काचा अशा रंगवल्या आहेत की पूर्वेकडे निळा-हिरवा आणि पश्चिमेकडे लाल-केशरी. सकाळी नऊ-दहाला आत थंड निळसर उजेड असतो. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन आत शिरतं आणि खांबच्या खांब केशरी होतात. मी दुपारच्या बाजूने आहे. हिवाळ्यात तीनच्या सुमाराची वेळ घ्या, कारण पाचनंतर ऊन उरत नाही आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी चर्च सहालाच बंद होतं. एप्रिल ते सप्टेंबर ते आठपर्यंत उघडं असतं, तेव्हा साडेपाच-सहाची वेळ उत्तम. रविवारी पर्यटकांसाठी दार उशिरा, साडेदहाला उघडतं. ढगाळ दिवस निघाला तर मात्र हे सगळं गणित बाद.

ही वेळ पक्की झाली की पार्क ग्वेल या गाउदीच्या बागेची सकाळ आणि एखाद्या घराचं तिकीट तिच्या पुढेमागे बसवा.

पायरी २ : राहणं आणि फिरणं

राहायला एशाम्पला भाग घ्या. जुनी तटबंदी पाडल्यानंतर इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये आखलेला हा चौकड्यांचा विस्तार. प्रत्येक चौकडीचे कोपरे तिरपे कापलेले आहेत, त्यामुळे चौकाचौकात मोकळी जागा मिळते आणि समोरची इमारत मागे सरून नीट पाहता येते. मॉडर्निस्मेची बहुतेक घरं याच भागात आहेत, आणि नावाजलेल्या घरांमधून चालताना एखाद्या साध्या दाराची लोखंडी वेलबुट्टी किंवा जिन्याच्या तोंडाशी असलेली रंगीत काच तिकिटाविना दिसते.

विमानतळावरून यायला विमानतळाची बस थेट प्लासा कातालुन्या या शहराच्या मधल्या चौकात आणते. लोकल गाडी एशाम्पलातल्या पासेच द ग्रासिया या रस्त्यापाशी उतरवते आणि ती स्वस्त पडते. शहरात फिरायला ‘टी-कॅज्युअल’ कार्ड घ्या. दहा फेऱ्यांचं आहे, पण एकाच माणसाने वापरायचं. दोघांत एक कार्ड चालत नाही, तपासनीस आला तर दंड होतो. कुटुंब असेल तर आठ फेऱ्यांचं ‘टी-फॅमिलियार’ बघा, ते सगळ्यांनी मिळून वापरता येतं. टी-कॅज्युअल विमानतळाच्या मेट्रो स्थानकांवर चालत नाही, पण लोकल गाडीत चालतं.

पाकीटमारी खरी आहे. मेट्रोत चढताना, ला राम्ब्ला या जुन्या शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यावर आणि नेमकं चर्चसमोर, जिथे सगळ्यांच्या माना वर असतात. मोबाइल मागच्या खिशात ठेवू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

पायरी ३ : पहिला दिवस जुन्या शहरात

सुरुवात प्लासा रेआल चौकातून करा. तिथले दोन सहा-हातांचे दिवे गाउदीने नुकताच पदवी घेतलेला असताना, १८७९ मध्ये केले. दोन मिनिटं पुरतात. तिथून ला राम्ब्ला ओलांडली की अरुंद गल्लीत पालाऊ ग्वेल आहे. उद्योगपती एउसेबी ग्वेलसाठी १८८६ ते १८९० मध्ये बांधलेला वाडा. बाहेरून काहीसा उदास वाटतो, आणि म्हणून बरेच लोक तो टाळतात. आत मात्र दोन गोष्टी नीट बघा. एक, दारांच्या उंच कमानी. दोन्ही टोकं धरून सोडलेली साखळी जशी लोंबते, तो आकार उलटा केला की अशी कमान होते. दगडाचा सगळा भार त्या रेषेतूनच खाली उतरतो, आणि कमान उंच असली की बाजूचा रेटा कमी राहतो. दुसरी, मधल्या दिवाणखान्याचा घुमट, ज्याला पाडलेल्या भोकांतून दिवसा चांदण्यांसारखा उजेड गळतो. या दोन्ही कल्पना चर्चमध्ये पुन्हा भेटतात. वाडा सोमवारी बंद असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, पण जागा आधी राखावी लागते.

दुपारी पालाऊ द ला मूसिका कातालाना. दोमेनेक इ मोंतानेरचं हे संगीतगृह १९०५ ते १९०८ मध्ये उभं राहिलं. एका गायकवृंदासाठी बांधलेलं, दिवसाच्या उजेडात मैफल ऐकता यावी म्हणून चहूबाजूंनी काच लावलेलं. छताच्या मधोमध रंगीत काचेचा उलटा घुमट आहे, जणू थेंब खाली पडायच्या बेतात थबकलाय. मार्गदर्शकासह फेरी मिळते, पण खिशाला परवडत असेल तर संध्याकाळच्या मैफलीचं स्वस्त तिकीट काढा. बसून, मान मागे टाकून तास-दीड तास बघण्यासारखी ही जागा आहे, आणि सोबत गाणंही.

पायरी ४ : पासेच द ग्रासिया, आणि एकच तिकीट

या रस्त्यावर पर्यटकाचा खिसा सगळ्यात जास्त रिकामा होतो. कासा बाट्यो आणि कासा मिला, दोन्ही घरांच्या तिकिटांना प्रत्येकी तीसेक युरो पडतात. दोन्ही आतून बघायलाच हवीत असं मला वाटत नाही.

आधी एकाच ओळीत उभी असलेली तीन घरं समोरच्या फुटपाथवरून बघा. कोपऱ्यावर दोमेनेक इ मोंतानेरचं कासा लेओ मोरेरा. तळमजल्यावर दुकान करताना १९४३ मध्ये त्याची मूळ शिल्पं फोडली गेली, म्हणून वरच्या मजल्यांकडे बघा. मग पुच इ कादाफाल्कचं कासा आमात्येर, चॉकलेटच्या कारखानदाराचं, पायऱ्यापायऱ्यांच्या शिखराचं. लगतच ४३ क्रमांकाचं कासा बाट्यो. १९०४ ते १९०६ मध्ये गाउदीने जुन्या घराला दिलेलं हे नवं रूप. हाडांसारखे खांब, मुखवट्यांसारखे सज्जे, आणि छपरावर खवल्यांची पाठ. संत जॉर्जने मारलेला अजगर तो हाच, असं बहुतेक जण मानतात. संध्याकाळी दिवे लागल्यावर समोरून फुकट जे दिसतं ते खूप आहे.

कासा बाट्योच्या आत जायचंच असेल तर मधला उजेडाचा चौक बघण्यासाठी जा. भिंतीच्या टाइल्स वरच्या बाजूला गडद निळ्या आणि खाली येता येता फिकट होत जातात. खिडक्या वर लहान, खाली मोठ्या. वर ऊन जास्त, खाली कमी, म्हणून रंगाने आणि मापाने उजेड सगळ्या मजल्यांना सारखा वाटून दिला आहे.

माझं एकमेव तिकीट मात्र ९२ क्रमांकाच्या कासा मिलाचं असेल. १९०६ ते १९१२ मधलं काम. लोकांनी चिडवून त्याला ‘ला पेद्रेरा’, म्हणजे दगडाची खाण म्हटलं आणि तेच नाव राहिलं. लाटांसारख्या दिसणाऱ्या त्या दगडी दर्शनी भागावर इमारतीचा भार नाही. भार खांबांवर आहे, त्यामुळे आतल्या भिंती हव्या तशा हलवता येतात. पोटमाळ्यावर विटांच्या २७० कमानी एकामागे एक उभ्या आहेत, पालाऊ ग्वेलमधला तोच उलट्या साखळीचा आकार. इथे थांबा, घाई करू नका. माळ्यावरच गाउदीच्या कामाची मॉडेल्स मांडलेली आहेत आणि चर्चची सगळ्यात चांगली पूर्वतयारी तिथे होते. मग गच्चीवर धुराच्या चिमण्या, म्हणजे धुराडी. त्यांचे शिरस्त्राणासारखे आकार लक्षात ठेवा.

बाहेर आलात की पायाखाली बघा. या रस्त्याच्या फुटपाथवरच्या षट्कोनी फरश्यांवर गाउदीची समुद्री नक्षी आहे. लोखंडी दिवे आणि त्यांच्या बुडाशी पांढऱ्या तुकड्यांनी मढवलेले बाक मात्र त्याचे नाहीत. अनेक वाटाडे ठोकून देतात, पण ते १९०६ मधले पेरे फाल्केसचे आहेत.

पायरी ५ : ग्रासिया आणि पार्क ग्वेल

मेट्रोच्या हिरव्या एल ३ मार्गावर, ग्रासिया भागातल्या फोंताना स्थानकाला उतरून कासा विसेन्सकडे चाला. १८८३ ते १८८५ मधलं हे गाउदीचं पहिलं मोठं घर. २०१७ पर्यंत ते लोकांसाठी बंद होतं. वळणं इथे अजून आलेली नाहीत. सगळं कोनाकोनात, पट्ट्यापट्ट्यांत. भिंतींवरच्या टाइल्सवर फुलं कोणती आहेत? झेंडू. बांधकामाच्या जागेवर पिवळी फुलं माजलेली होती आणि एक ताडासारखं झाड होतं. फुलं टाइल्सवर गेली, झाडाची पानं लोखंडी कुंपणात. निसर्गातली वस्तू उचलून सजावट करणारा हा गाउदी पुढे निसर्गाची रचनाच उचलायला लागला. आत नाही गेलात तरी चालेल, रस्त्यावरून बघून पुढे निघा.

पार्क ग्वेलची वेळ सकाळची पहिली किंवा दुसरी घ्या. वर चढण आहे. वायकार्का स्थानकाच्या बाजूने गेलात तर चढावर सरकते जिने मिळतात. लेसेप्स स्थानकाकडून जास्त चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर प्लासा कातालुन्याहून २४ क्रमांकाची बस पार्कच्या वरच्या बाजूच्या दारापाशी सोडते.

ही मुळात बाग नव्हतीच. ग्वेलला श्रीमंतांची वसाहत करायची होती, साठ भूखंड पाडले होते. घरं उभी राहिली दोन. १९१४ मध्ये काम थांबलं आणि १९२६ मध्ये जागा सार्वजनिक बाग म्हणून खुली झाली. त्यातल्या एका घरात गाउदी १९०६ पासून जवळजवळ वीस वर्षं राहिला. लोक पायऱ्यांवरच्या रंगीत सरड्याशी फोटोसाठी रांग लावतात. तुम्ही पाण्याचा प्रवास बघा. वरच्या मोकळ्या पटांगणावर पडलेला पाऊस मातीतून गाळला जातो, खालच्या ८६ खांबांच्या मंडपातल्या खांबांच्या पोटातून खाली उतरतो, टाकीत साठतो, आणि जास्तीचं पाणी त्या सरड्याच्या तोंडातून बाहेर येतं. पटांगणाच्या कडेने नागमोडी बाक आहे. फुटक्या टाइल्स आणि चिनीमातीचे तुकडे जोडायच्या त्याच्या कामाला त्रेनकादीस म्हणतात. त्यातला बराच हात गाउदीचा साहाय्यक जुझेप मारिया जुजोलचा. बाकावर बसा, मग रस्त्यांना आधार देणाऱ्या दगडी कमानींखाली जा. तिथले खांब तिरपे उभे आहेत, कारण भार तिरपा येतो. चर्चमध्ये हेच.

पायरी ६ : सांत पाऊवरून चर्चकडे

शेवटच्या दिवशी दुपारचं तिकीट असेल तर सकाळ सांत पाऊ रुग्णालयासाठी ठेवा. मेट्रोच्या एल ५ मार्गावर त्याच नावाचं स्थानक आहे. बार्सिलोनातलं हे सगळ्यात कमी दाद मिळालेलं ठिकाण आहे, असं माझं मत. दोमेनेक इ मोंतानेरने १९०२ मध्ये काम सुरू केलं, १९३० मध्ये पुरं झालं, आणि २००९ पर्यंत इथे खरोखर रुग्ण होते. बागेत सुटे सुटे मंडप, प्रत्येकाला भरपूर ऊन आणि वारा, आणि सगळे एकमेकांना जमिनीखालच्या भुयारांनी जोडलेले. रुग्णाची गाडी भुयारातून, वर फुलझाडं. भिंती टाइल्सच्या, कारण त्या धुता येतात. सजावट आणि स्वच्छता एकाच वस्तूतून साधली आहे. आखणी शहराच्या चौकड्यांना ४५ अंशांत वळवलेली आहे.

मुख्य दारातून बाहेर आलात की समोर आविंगुदा द गाउदी हा तिरपा, पायी चालायचा रस्ता सरळ चर्चकडे जातो. दहा-पंधरा मिनिटं. चर्च हळूहळू मोठं होत जातं. मेट्रोतून एकदम त्याच्या पायाशी उगवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. जेवण या रस्त्यावर किंवा आडगल्लीत उरका. चर्चच्या अगदी समोर भाव आणि चव दोन्हींची फसगत होण्याची शक्यता जास्त. मग प्लासा द गाउदी या बागेतल्या तळ्यापाशी जा. पाण्यात प्रतिबिंबासह पूर्वेचा दर्शनी भाग इथूनच दिसतो.

पायरी ७ : चर्च, बाहेरून आत

खांदे झाकलेले हवेत, अगदी आखूड कपडे चालत नाहीत, डोक्यावरची टोपी काढावी लागते. सुरक्षा तपासणीला वेळ जातो, पंधरा मिनिटं आधी पोहोचा. प्रवेश पूर्वेकडून, कारेर द ला मारीना या रस्त्यावरून.

पहिला दगड १९ मार्च १८८२ ला बसला. पहिला वास्तुकार फ्रान्सिस्को दे पाउला देल वियार वर्षभरात बाजूला झाला आणि गाउदी आला. हे प्रायश्चित्ताचं मंदिर, म्हणजे लोकांच्या देणग्यांतून बांधायचं. म्हणून कधी पैसा नाही, कधी युद्ध. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धाच्या सुरुवातीला तळघर जाळलं गेलं, कार्यशाळेतली प्लास्टरची मॉडेल्स फोडली गेली. नंतरच्या वास्तुकारांनी तुकडे जुळवून काम पुढे नेलं. २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी चर्च अर्पण केलं. आणि गंमत म्हणजे शहराचा रीतसर बांधकाम परवाना २०१९ मध्ये मिळाला. येशूच्या मधल्या मनोऱ्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या चर्चला मागे टाकलं आणि हे जगातलं सर्वांत उंच चर्च झालं. आराखड्यातली उंची १७२.५ मीटर आहे. शहरातल्या मोंटजुईक टेकडीहून थोडी कमी, कारण देवाच्या कामापेक्षा माणसाचं काम उंच नको, असं गाउदी म्हणे.

पूर्वेचा, येशूच्या जन्माचा दर्शनी भाग बहुतांश गाउदीच्या हयातीतला. मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या खांबांचे पाय बघा. समुद्राच्या बाजूला समुद्री कासव, डोंगराच्या बाजूला जमिनीवरचं. वर हिरवा सुरू वृक्ष आणि पांढरी कबुतरं. आजच्या कांस्य दारांवरची पानं आणि किडे एत्सुरो सोतो या जपानी शिल्पकाराचे.

आत शिरल्यावर लगेच फोटो काढू नका. मधोमध जा आणि खांब बुडापासून वर बघत जा. मधला भाग ४५ मीटर उंच, बाजूचे ३०. खांब एका उंचीवर फांद्यांसारखे फुटतात आणि तिरपे होतात. पार्कमधला तिरपा खांब आणि माळ्यावरची कमान इथे एकत्र झाली आहेत. म्हणूनच मध्ययुगीन गॉथिक शैलीच्या चर्चना बाहेरून लागतात ते दगडी टेकू इथे दिसत नाहीत. खांबांचे दगडही भाराप्रमाणे वेगळे आहेत, आणि सगळ्यात जास्त भार घेणारे मधले चार पोर्फिरी या लालसर, कठीण दगडाचे. मग बाजूला बाकावर बसून उजेड सरकताना बघा. निदान अर्धा तास तरी.

बाहेर पडायचं पश्चिमेकडून, येशूच्या क्लेशांच्या आणि मरणाच्या दर्शनी भागातून. जुझेप मारिया सुबिराक्सची ही टोकदार, कोरडी शिल्पं अनेकांना खटकतात. मला वाटतं, मरणाच्या गोष्टीला हीच भाषा शोभते. सैनिकांची शिरस्त्राणं बघा, कासा मिलाच्या चिमण्या तिथे भेटतील. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या चुंबनाचं शिल्प आहे, त्याशेजारी आकड्यांचा चौकोन आहे, कुठूनही बेरीज करा, ३३ येते, येशूचं मृत्यूच्या वेळचं वय मानतात ते. दक्षिणेचा, वैभवाचा दर्शनी भाग अजून अपुरा आहे. त्याच्या नियोजित जिन्यासाठी समोरची राहती घरं पाडावी लागतील, म्हणून तिथल्या रहिवाशांशी वाद आहे. आतून त्या बाजूचं कांस्य दार मात्र जरूर बघा, ‘रोजची भाकर आज आम्हाला दे’ ही ओळ त्यावर ५० भाषांत आहे.

मनोरे चढायचे का? वर जायला लिफ्ट, खाली यायला अरुंद गोल जिना. उंचीची भीती किंवा गुडघ्यांचं दुखणं असेल तर सोडा. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. वारा किंवा पाऊस असला की मनोरे बंद होतात. जायचंच तर जन्माच्या बाजूचा निवडा, तिथे गाउदीच्या काळचा दगड हाताशी येतो.

निघण्याआधी तळघरातलं संग्रहालय आणि कामगारांच्या मुलांसाठी १९०९ मध्ये बांधलेली नागमोडी छपराची छोटी शाळा चुकवू नका. शाळा पातळ विटांची आहे आणि केवळ वळणामुळे ताठ उभी आहे. गाउदीची कबर क्रिप्टमध्ये, म्हणजे चर्चखालच्या तळघरातल्या प्रार्थनास्थळात आहे. ७ जून १९२६ ला ट्रामने त्याला धडक दिली. कपड्यांवरून कोणी ओळखलं नाही, १० जूनला तो गेला. क्रिप्टमध्ये रोजची प्रार्थना चालते आणि तिथे जायला वेगळं दार आहे, तिकीट लागत नाही. पण प्रार्थनेला आलेल्यांमध्ये कॅमेरा घेऊन फिरू नका. वर मुख्य चर्चमध्ये रविवारी सकाळी नऊला सार्वजनिक मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते, तीही फुकट, जागा मर्यादित.

एक दिवस हाताशी उरला तर

प्लासा एस्पान्याहून निघणाऱ्या गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर कोलोनिया ग्वेल आहे, ग्वेलच्या कापडगिरणीची वसाहत. तिथल्या चर्चसाठी गाउदीने दोऱ्या टांगून त्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या, वजनाने दोऱ्या ज्या आकारात ताणल्या गेल्या त्याचा फोटो काढून तो उलटा केला, आणि तोच आराखडा धरला. १९१४ मध्ये पैसा थांबला आणि फक्त तळघर झालं. खडबडीत बेसॉल्टचे तिरपे खांब, विटांच्या फांद्या, पाकळ्यांसारख्या रंगीत खिडक्या. गर्दी अगदी थोडी. जाण्याआधी त्या दिवशी तिथे लग्न किंवा प्रार्थना नाही ना, एवढं संकेतस्थळावर बघून घ्या, कारण तेव्हा पाहुण्यांना आत सोडत नाहीत.